कुठे गाळायचं, कुठे ठेवायचं: उद्यमबागेतल्या एका इंग्रजी पुस्तिकेच्या नोंदी

९ जून २०२५

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम आजपासून हातात घेतलं. १०० टनी हायड्रॉलिक प्रेसची इंग्रजी वापरपुस्तिका नव्याने लिहायची आहे. जुनी पुस्तिका कारखान्यातल्याच माणसांनी वर्षानुवर्षं भर घालत लिहिलेली. मशीन हाताखालून गेलेल्यांनी लिहिलंय हे पानोपानी जाणवतं, तांत्रिक माहिती चोख आहे. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच की वाचवत नाही, तेच तेच शब्द फिरून फिरून येतात.

पहिलंच पान बघा (पॉवर पॅक म्हणजे प्रेसला दाबाखालचं तेल पुरवणारा संच): 'द पॉवर पॅक हॅज टू पंप्स. द फर्स्ट पंप ऑफ द पॉवर पॅक सप्लाइज ऑइल टू द क्लॅम्पिंग सिलिंडर ऑफ द प्रेस. द सेकंड पंप ऑफ द पॉवर पॅक सप्लाइज ऑइल टू द मेन सिलिंडर ऑफ द प्रेस.'

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात खरा फरक फक्त दोन ठिकाणी आहे, पहिला-दुसरा आणि क्लॅम्पिंग-मेन. बाकीचे सगळे शब्द तेच. मी असं केलं: 'द पॉवर पॅक हॅज टू पंप्स. द फर्स्ट सप्लाइज ऑइल टू द क्लॅम्पिंग सिलिंडर; द सेकंड, टू द मेन सिलिंडर.'

मालकांनी विचारलं, "किती पानं वाचतील?" छपाईच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. मला मात्र पानांची चिंता नाही. वाक्यात नवीन काय आलं ते वाचणाऱ्याच्या नजरेला एकदम लागलं पाहिजे. जुनं शेजारी गर्दी करून उभं असेल तर नवं दिसत नाही, आणि मशीनच्या पुस्तकात ते न दिसणं महागात जातं.

१२ जून

आपली माणसं इंग्रजी लिहिताना एवढं पुन्हा पुन्हा का लिहितात, याचा विचार दिवसभर डोक्यात होता. भाषा कच्ची म्हणून, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हीच माणसं मराठीत बोलताना किती गाळतात ते ऐका.

आज असेंब्लीत फिटरमामा नव्या पोराला सांगत होते, "पहिला पंप क्लॅम्पच्या सिलिंडरला, दुसरा मोठ्या सिलिंडरला तेल देतो." 'तेल देतो' एकदाच आलं, तेही शेवटी. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला बसतं, म्हणून पहिल्या भागातलं गाळून शेवटचं ठेवता येतं. हवं तर उलटंही चालतं: "पहिला क्लॅम्पच्या सिलिंडरला तेल देतो, दुसरा मोठ्याला." इंग्रजीत मात्र एकच दिशा. क्रियापद आधी सांगायचं आणि मग पुढच्या भागात गाळायचं. भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉबर्ट रॉस यांनी १९७० मध्ये या प्रकाराला 'गॅपिंग' असं नाव देऊन तो मांडला. गाळण्याची दिशा भाषेतल्या शब्दक्रमावर अवलंबून असते, हे त्यांनी दाखवलं. जपानीत क्रियापद नेहमी शेवटी, म्हणून तिथे आधीचंच गळतं.

डिझाइनमधला मुलगा गोकाककडचा, घरी कन्नड बोलतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "आमच्यातबी असंच की अक्का, क्रियापद शेवटी." म्हणजे बेळगावातला मराठी काय नि कन्नड काय, दोघांच्याही कानाला सवय शेवटी येणाऱ्या क्रियापदाची. इंग्रजीत शिरल्यावर आपली गाळण्याची वाट बंद होते, आणि तिकडची वाट शाळेत कुणी दाखवलेली नसते. मग माणूस सगळं पूर्ण लिहितो. त्यात त्याची काळजी दिसते, अडाणीपणा नाही.

दुसरं कारण याहून खोल आहे असं मला वाटतं. "टाकीत तेल भरलंस का?" या प्रश्नाला आपण म्हणतो, "भरलंय." क्रियापद ठेवलं, बाकी सगळं सोडलं. कोणी भरलं ते प्रश्नातून कळतं, काय झालं ते 'भरलंय' सांगतं. इंग्रजीत 'हॅव यू फिल्ड द टँक?' याचं उत्तर 'यस, आय हॅव'. तिथे भरण्याचं क्रियापदच गेलं. कर्ता आणि सहायक क्रियापद राहिलं. आपण जे ठेवतो ते इंग्रजी टाकते, आपण जे टाकतो ते इंग्रजी ठेवते. एवढा उलटा व्यवहार असताना लिहिणारा बिचकला तर नवल नाही.

१३ जून

कालच्याला जोड. नामाचंही तसंच आहे. मराठीत पंप पुल्लिंगी, नळी स्त्रीलिंगी, बटण नपुंसकलिंगी. त्यामुळे 'दुसरा', 'दुसरी', 'दुसरं' एवढ्या शेपटावरून कशाबद्दल बोलतोय ते बरंचसं कळतं. "लाल नळी काढ, निळी राहू दे." 'निळी' म्हटलं की पुरे. इंग्रजी विशेषणाला लिंग नाही. 'रिमूव्ह द रेड होज. लीव्ह द ब्लू.' असं लिहिलं तर वाक्य लंगडतं. तिथे 'द ब्लू वन' असा 'वन' टेकू म्हणून द्यावा लागतो. 'फर्स्ट', 'सेकंड', 'बोथ', 'ईच' यांना टेकू लागत नाही, साध्या विशेषणाला लागतो. जुन्या पुस्तिकेत 'वन' जवळजवळ नाहीच. जिथे तो हवा तिथे 'होज' परत लिहिलंय.

१७ जून

रात्रभर पाऊस. तिसऱ्या रेल्वे गेटपासून पुढे गाड्या खोळंबलेल्या, कारखान्यात अर्धी माणसं उशिरा आली. निवांत वेळ मिळाला तेवढ्यात प्रकरण दोन आणि तीन वाचून काढली.

एम. ए. के. हॅलिडे आणि रुकैया हसन या भाषाशास्त्रज्ञांचं इंग्रजीतल्या वाक्यांच्या जोडणीवरचं पुस्तक १९७६ सालचं. एक वाक्य दुसऱ्याला कशाने बांधलं जातं याचे त्यांनी पाच मार्ग सांगितले: सर्वनामासारखा निर्देश, बदली शब्द, गाळणं, उभयान्वयी शब्द आणि शब्दांची आपसातली नाती. गाळण्याचे परत तीन भाग, नामाकडचं, क्रियापदाकडचं आणि अख्ख्या उपवाक्याचं. मला कामाला आलेली गोष्ट ही की गाळणं हा काटकसरीचा प्रकार म्हणून त्यांनी धरलेला नाही, बांधणी म्हणून धरलाय. रिकामी जागा दिसली की वाचणारा मागच्या वाक्यात जातो, तिथून शब्द आणतो आणि दोन वाक्यं आपोआप एकमेकांत अडकतात. सगळं पूर्ण लिहिलं तर प्रत्येक वाक्य सुटं पडतं. जुनी पुस्तिका वाचवत नाही ती यामुळे.

आता पूर्णविरामाचा प्रश्न. कोणतं गाळणं पूर्णविराम ओलांडतं? 'द ओल्ड मॉडेल डज नॉट स्टॉप ऑटोमॅटिकली. द न्यू वन डज.' हे बिनदिक्कत ओलांडतं. 'स्टॉप ऑटोमॅटिकली' गेलं, पण 'डज' राहिलं, आणि त्या 'डज'ने सांगितलं की इथे काहीतरी होतं, मागे बघ. ९ तारखेच्या वाक्यात मात्र मी अर्धविराम ठेवला तो मुद्दाम. तिथे क्रियापद मुळासकट गेलंय, खूण म्हणून काही उरलेलं नाही. 'द सेकंड, टू द मेन सिलिंडर.' असं पूर्णविरामानंतर एकटं उभं केलं तर ते वाक्य राहत नाही, तुकडा होतो. बोलताना, प्रश्नाच्या उत्तरात चालेल. पुस्तिकेत नको.

डिझाइनच्या मुलाला हे सांगताना म्हटलं, ऊस तोडताना बुडखा जमिनीत राहिला तर खोडवा फुटतो. इंग्रजीतही 'डू', 'हॅव', 'कॅन', 'विल' यांतलं एखादं बुडखा म्हणून राहू दे, म्हणजे पुढच्या वाक्यात अर्थ फुटतो. त्याच्या घरी ऊसच आहे. लगेच कळलं त्याला.

२४ जून

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे दाब मर्यादेला पोचला की आपोआप उघडून तो कमी करणारी झडप. तिच्या परिच्छेदात मी गाळून वाक्य छान आटोपशीर केलं होतं ('बार' हे दाबाचं माप): 'व्हेन द प्रेशर रीचेस २१० बार, द रिलीफ व्हॉल्व्ह ओपन्स. इफ इट डज नॉट, स्टॉप द मोटर.' कागदावर ठीक दिसत होतं. प्रत्येक परिच्छेद मशीनजवळ उभं राहून निदान दोघांना वाचून दाखवायचा असं आधीच ठरवलंय, त्याप्रमाणे फिटरमामा आणि डिझाइनचा मुलगा यांना वेगवेगळं विचारलं: 'इफ इट डज नॉट' म्हणजे काय झालं नाही तर?

मुलगा म्हणाला, व्हॉल्व्ह उघडला नाही तर. मामा म्हणाले, "प्रेशर तेवढं चढलं नाही तर. पंप दमला असंल, नाहीतर आत कुठंतरी गळत असंल. मोटर बंद करून बघायला पाहिजेच की."

दोघांचंही बरोबर. 'इट' व्हॉल्व्हला लागतं आणि प्रेशरलाही लागतं. 'डज नॉट'च्या मागे 'ओपन' घालता येतं आणि 'रीच २१० बार'ही घालता येतं. दोन्ही अर्थ यंत्राच्या दृष्टीने शहाणे आहेत, म्हणून वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. वेडावाकडा अर्थ निघाला असता तर माणूस थबकला असता, कुणाला तरी विचारलं असतं. इथे तो निर्धास्त पुढे जातो.

आणि परिणाम? व्हॉल्व्ह अडकलाय, काटा २१०च्या पुढे चाललाय. मामांचा अर्थ धरून वाचणारा म्हणेल, प्रेशर चढलं, म्हणजे सगळं ठीक. मोटर चालू राहील. ज्या क्षणासाठी ते वाक्य लिहिलं, त्याच क्षणी ते कामाचं राहिलं नाही.

दुरुस्ती फक्त दोन शब्दांची: 'इफ द व्हॉल्व्ह डज नॉट ओपन, स्टॉप द मोटर.' कर्ता परत आणला, क्रियापद परत आणलं. आणि मामांनी धरलेला अर्थही खरोखरच कामाचा असल्याने त्याच्यासाठी वेगळं वाक्य दुरुस्तीच्या तक्त्यात घातलं. ते आधी कुठेच नव्हतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "लिहायला नको होतं खरं, आम्हाला ते माहीतच हाय." गिऱ्हाइकाच्या फिटरला ते माहीत असेलच असं नाही, एवढंच मी म्हटलं.

आजपासूनची कसोटी अशी: गाळलेल्या जागी मागच्या वाक्यातून काय काय आणता येईल ते सगळं आणून बघायचं. एकच गोष्ट बसत असेल तर गाळायचं. दोन बसत असतील आणि दोन्ही शहाण्या वाटत असतील तर अजिबात नाही.

२७ जून

दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप लावण्याचं प्रकरण. जुन्या मसुद्यात: 'द ऑपरेटर लॉक्स द मेन स्विच विथ हिज लॉक. द फिटर डज टू.' इथे आधीच्या कुणीतरी गाळायचा प्रयत्न केलेला दिसतो. 'डज' जागेवर आहे, व्याकरण सुरेख आहे. पण 'हिज' कोणाचं? फिटर स्वतःचं कुलूप लावतो की ऑपरेटरच्याच कुलपाचा वापर करतो? इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात. भाषाशास्त्रात त्यांना कडक ओळख आणि सैल ओळख म्हणतात. कडक धरलं तर ऑपरेटरचंच कुलूप, सैल धरलं तर ज्याचं त्याचं.

मराठीत ही अडचण येत नाही. 'ऑपरेटर आपल्या कुलपाने स्विच बंद करतो, फिटरही.' 'आपल्या' म्हटल्यावर ज्याचं त्याचं कुलूप हा अर्थ लगेच येतो. ऑपरेटरचं म्हणायचं असतं तर आपण वेगळं बोललो असतो. इंग्रजीच्या 'हिज'ला ही सोय नाही.

आणि कुलपाचा नियम जगभर याच एका गोष्टीवर उभा आहे. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या १९१०.१४७ या नियमात, अनेक जण एकाच मशीनवर काम करत असतील तर प्रत्येकाचं स्वतंत्र कुलूप सांगितलंय. कारण सरळ आहे. आत हात घातलेल्या प्रत्येकाचं कुलूप निघाल्याशिवाय वीज येता कामा नये. दोघांत एक कुलूप म्हणजे एकाचं काम संपलं की दुसऱ्याच्या अंगावर प्रेस चालू.

पूर्ण लिहिलं: 'द ऑपरेटर लॉक्स द मेन स्विच विथ हिज ओन लॉक. द फिटर लॉक्स द मेन स्विच विथ हिज ओन लॉक.' दोन वाक्यं जवळपास सारखी. कानाला जड लागतात. लागू देत. इथे मला एकही शब्द कमी नको आहे.

१ जुलै

छोटी बाब. 'द फिल्टर शुड बी क्लीन्ड एव्हरी मंथ. इफ यू डू नॉट, द पंप विल वेअर आउट.' पहिलं वाक्य कर्मणी, दुसरं कर्तरी. 'डू नॉट'च्या मागे 'क्लीन इट' घालायला वाचणाऱ्याला आधी वाक्य मनातल्या मनात उलटवावं लागतं. अर्थ कळतो, पण खडा लागतो. आपल्याकडच्या तांत्रिक इंग्रजीत कर्मणीचा मारा फार, त्यामुळे गाळायला गेलं की असे खडे सारखे लागतात. उपाय गाळण्यात नाही, आधीच्या वाक्यात आहे: 'क्लीन द फिल्टर एव्हरी मंथ. इफ यू डू नॉट...' आता दोन्ही एका रांगेत आली.

४ जुलै

विमानदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी १९८०च्या दशकात सोप्या इंग्रजीचे नियम तयार झाले, ते आज एएसडी-एसटीई१०० या नावाने चालतात. सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत, वर्णनाचं २५च्या आत, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असतं. त्यांचा आणखी एक नियम आहे: वाक्य लहान करण्यासाठी शब्द गाळू नका. म्हणजे शब्दमर्यादा घालणारेच सांगतात की मर्यादा गाठायला गाळण्याची वाट धरू नका, वाक्य तोडा.

मालकांना वाटलं, मग माझं सगळं कामच त्या नियमाविरुद्ध. त्यांच्याशी बसून बोलले. पुस्तिकेत दोन प्रकारचं लेखन आहे. मशीन काय आहे, कसं चालतं हे सांगणारी प्रकरणं माणूस खुर्चीत बसून, ओळीने वाचतो. मागचं वाक्य त्याच्या डोक्यात ताजं असतं. तिथे गाळलेलं त्याला सापडतं, आणि न गाळलेलं टोचतं. दुसरी प्रकरणं सूचनांची. ती तो मशीनपाशी, तेलाच्या हाताने, मध्येच उघडून वाचतो. सातव्या पायरीवर नजर पडते. सहावी वाचलेली असेलच याचा भरवसा नाही. 'क्लोज द ड्रेन व्हॉल्व्ह ऑन द टँक. देन ओपन द अदर.' यातलं 'द अदर' त्याला कुठून कळणार?

तेव्हा एसटीईचा नियम सूचना आणि इशाऱ्यांच्या प्रकरणांना लावायचा, वर्णनाला नाही. मालक म्हणाले, "बरं, करूया की तसंच." त्यांनी दोन्ही प्रकारच्या प्रकरणांच्या पानांना वेगवेगळा रंग द्यायचं सुचवलं. ते मला फार आवडलं.

त्याच संध्याकाळी डिझाइनच्या मुलाने विचारलं, "अक्का, 'प्रेशर शून्यावर आणल्याशिवाय होज सोडू नका' हे मागच्या पानावर हायच की. परत कशाला?" कारण होजला सुईएवढं भोक पडलं तरी त्यातून दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, कधी हातही जातो. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. हा इशारा होजला हात लागणाऱ्या प्रत्येक कृतीच्या डोक्यावर, दरवेळी, पूर्ण छापायचा. तो वाचून वाचून पाठ झाला तर उत्तमच.

९ जुलै

शेजारी एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. कामाबद्दल बोलणं निघालं तर म्हणाले, "तुम्ही जे करताय ते पाणिनीने करून ठेवलंय." मग त्यांनी अष्टाध्यायी उघडली. पहिल्या अध्यायाचं पहिलं पान. तिसरं सूत्र 'इको गुणवृद्धी', चौथं 'न धातुलोप आर्धधातुके', पाचवं 'क्ङिति च'. पाचवं नुसतं वाचलं तर 'अमुक प्रकारचा प्रत्यय पुढे असतानाही' एवढंच हाती लागतं. असताना काय होतं? चौथ्यातून 'न' खाली येतो, तिसऱ्यातून 'इको गुणवृद्धी'. मग अर्थ पूर्ण: इक् स्वरांचे (इ, उ, ऋ, लृ यांचे) गुण-वृद्धी, म्हणजे इचा ए किंवा ऐ होणं असे बदल, अशा ठिकाणीही होत नाहीत. याला अनुवृत्ती म्हणतात. सुमारे ४,००० सूत्रं अशी एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. एकदा सांगितलेला शब्द परत सांगायचा नाही, पुढच्या सूत्रांत तो आपोआप चालत राहतो, आणि कुठे थांबतो हेही ठरलेलं. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, हे वचन त्यांनी हसत म्हणून दाखवलं.

मी थक्क होऊन ऐकत होते. वाक्यांच्या पलीकडे जाऊन गाळणं इतकं नियमबद्ध दुसरीकडे कुठे झालं असेल असं मला वाटत नाही.

पण घरी येताना दुसरीच गोष्ट मनात घोळू लागली. पाणिनीचा वाचणारा सगळी सूत्रं क्रमाने मुखोद्गत केलेला. पाचव्या सूत्राशी तो कधी अवचित येतच नाही. चौथं त्याच्या जिभेवर असतंच. ज्याची तयारी तेवढी नाही त्याच्यासाठी जयादित्य आणि वामन यांनी काशिका ही टीका लिहिली, तिच्यात प्रत्येक सूत्राखाली मागून येणारे शब्द भरून पूर्ण वाक्य दिलंय. म्हणजे गाळायचं किती हे लेखनात ठरत नाही, वाचणारा कुठल्या वाटेने येणार त्यावर ठरतं. आमच्या वर्णनाच्या प्रकरणांचा वाचक क्रमाने येतो. सूचनांच्या प्रकरणांचा कुठूनही. ४ तारखेला मालकांना जे धडपडत सांगितलं ते आज नीट उमगलं.

१४ जुलै

गिऱ्हाइकाच्या जर्मन अनुवादकाच्या शंका आल्या. युरोपात मशीन विकायचं तर पुस्तिका त्या देशाच्या भाषेत द्यावी लागते. २००६/४२/ईसी हा मशिनरीचा निर्देश तसं सांगतो, आणि त्याच्या जागी येणारा २०२३/१२३० हा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होईल. तेव्हा आमचं इंग्रजी हे शेवटचं रूप नाहीच, त्यावरून पुढची भाषा होणार. हे पहिल्या दिवसापासून मनात धरूनच काम चाललंय.

शंका बहुतेक एकाच जातीच्या आहेत: 'द सेकंड' म्हणजे दुसरं काय? जर्मनमध्ये पंप स्त्रीलिंगी, व्हॉल्व्ह नपुंसकलिंगी, सिलिंडर पुल्लिंगी. आमच्या एका परिच्छेदात या तिन्हींचा उल्लेख होऊन मग 'द सेकंड' येतं. इंग्रजी वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं, अनुवादकाला 'दुसरा', 'दुसरी', 'दुसरं' यांतलं एक निवडायलाच लागतं, आणि निवड चुकली तर जर्मन वाचक खात्रीने चुकीच्या भागाकडे जाईल. इंग्रजीत जी संदिग्धता झाकून राहिली असती ती तिथे ठाम चूक होऊन बाहेर पडेल.

इथे मराठीने मदत केली. आता प्रत्येक गाळलेलं वाक्य मी मनात मराठीत करून बघते. 'दुसरा की दुसरी?' असा प्रश्न मलाच पडला तर अनुवादकाला पडणारच. पंपाचा परिच्छेद पास झाला, कारण तिथे 'टू पंप्स' आणि 'द फर्स्ट' यांच्या मध्ये दुसरं नाम नाही. सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हच्या, परिच्छेदात 'द सेकंड व्हॉल्व्ह' असं नाम परत घातलं. क्रियापदं गाळलेली आहेत तशीच राहू दिली; त्यांच्याबद्दल एकही शंका आलेली नाही.

१८ जुलै

किरकोळ, पण सारखं भेटणारं. 'द प्रेशर इन लाइन ए इज हायर दॅन लाइन बी.' प्रेशरची तुलना लाइनशी झाली. मराठीत 'ए लाइनमधलं प्रेशर बी लाइनपेक्षा जास्त' असं आपण खुशाल म्हणतो आणि कुणाचं अडत नाही. इंग्रजीत 'हायर दॅन दॅट इन लाइन बी' हवं. 'प्रेशर' गाळता येतं, पण 'दॅट' जागेवर पाहिजे.

'डिस्कार्ड ओल्ड सील्स अँड ओ-रिंग्ज.' जुनी सील्स आणि सगळ्या ओ-रिंगा? की दोन्ही जुनी? नवीन ओ-रिंगांचा डबा शेजारीच असतो. 'ओल्ड' दोनदा लिहिलं.

२३ जुलै

दुरुस्तीच्या तक्त्यावर काम. लक्षण, कारण, उपाय असे तीन रकाने. तक्त्यात गाळण्याचं काम रकान्याचं डोकं करतं: 'कारण' या शब्दाखाली 'लो ऑइल लेव्हल' एवढंच लिहिलं की 'धिस हॅपन्स बिकॉज' सगळं वर बसलेलं आहे. वाचणाऱ्याने तक्ता मध्येच उघडला तरी डोकं त्याच पानावर दिसतं, म्हणून इथे मोकळेपणाने गाळलं. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तिथे रकान्यांची नावं परत छापायला सांगितली. मात्र उपायाच्या रकान्यात क्रियापद प्रत्येक ओळीत ठेवलं. 'टॉप अप', 'रिप्लेस', 'टाइटन' यांतलं कोणतं करायचं हे वरच्या ओळीवरून ओढून आणायची पाळी कुणावर यायला नको.

२४ जूनचं मामांचं वाक्यही या तक्त्यात पहिल्या ओळीला बसलं: लक्षण, प्रेशर २१० बारपर्यंत चढत नाही, कारणं दोन, पंप झिजलेला किंवा सिलिंडरच्या सीलमधून आत गळती.

कारखान्यातल्या भिंतीवर लावायचे मराठी आणि कन्नड तक्ते याच इंग्रजीवरून होणार आहेत. कन्नड डिझाइनचा मुलगा करणार, मराठी मी. त्याला एवढंच सांगितलं की इंग्रजीतलं 'डज', 'वन', 'दॅट' हे शब्द शोधत बसू नकोस, तुझ्या भाषेत तिथे क्रियापद लागत असेल तर क्रियापद घाल.

२९ जुलै

वर्णनाची प्रकरणं मालकांनी वाचून सही केली. सूचनांची प्रकरणं फिटरमामांनी शेवटपर्यंत वाचली, एका जागी थांबले: "हितं कुठला व्हॉल्व्ह ते परत लिहा." लिहिलं.

राहिली सुट्या भागांची यादी. आधीच्या यादीत 'सील, पिस्टन, मेन सिलिंडर' अशी एक ओळ, खाली 'सील, रॉड', त्याखाली नुसतंच 'वायपर'. वरून खाली वाचणाऱ्याला कळतं. पण सुट्या भागाची ऑर्डर येते ती फोनवरून किंवा व्हॉट्सअॅपवर, एका ओळीचा फोटो काढून. वरच्या ओळी त्या फोटोत नसतात. तेव्हा प्रत्येक ओळीत भाग, जागा, सिलिंडर आणि नंबर पूर्ण येणार, यादी लांबली तरी चालेल. उद्या स्टोअरमध्ये बसून नावं डब्यांवरच्या चिठ्ठ्यांशी ताडून घ्यायची आहेत.